रविवारी सायकल पुसायची असते

मे महिन्यातल्या एका रविवारी स्कॉटलंडमधल्या ऑर्मिस्टन गावाच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो होतो. जुन्या रेल्वेच्या वाटेवर तिथं एक लाकडी बाक आहे, पाठीमागे हॉथॉर्नचं पांढरं फुललेलं कुंपण. बाकावर एक आजोबा आधीच बसलेले. डोक्याला चपटी टोपी, पायाशी तितकंच म्हातारं कुत्रं. मी माझी जुनी रॅले सायकल शेजारच्या खांबाला टेकवली आणि थर्मास काढायच्या निमित्तानं जरा रेंगाळले. खरं सांगायचं तर मी वाट बघत होते. ही सायकल कुठंही उभी केली की कुणीतरी येतं, दांडीवरून हात फिरवतं, "आमच्या आजोबांची अश्शीच होती" म्हणतं, घंटी वाजवून बघतं. पहिल्या वर्षी मला त्याचं अप्रूप होतं, आता हाव सुटली आहे. आजोबांनी सायकलकडे पाहिलं. नजर मागच्या चाकापाशी जरा थांबली. मग म्हणाले, "असल्याच एकीवरून अकरा वर्षं खाणीवर गेलो, हेन. बसवर नोकरी लागली त्या संध्याकाळी ओढ्यात फेकून दिली." आवाजात राग नव्हता, आठवणीचा उमाळाही नव्हता. बटाट्याचा भाव सांगावा तसं सांगितलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि कुत्र्यामागोमाग निघून गेले.

मी पुढे केलेला कौतुकाचा वाडगा तसाच रिकामा परत घेतला.

"हेन" म्हणजे कोंबडी खरी, पण स्कॉटलंडच्या या पट्ट्यात बायकांना मायेनं तशीच हाक मारतात. बसचा ड्रायव्हर मारतो, बेकरीतली बाई मारते. आपल्याकडच्या "काय गं बाय"च्या जातीचं ते संबोधन. चौदा वर्षांत मला त्याची इतकी सवय झाली आहे की कुणी पूर्ण नावानं हाक मारली तर काहीतरी चुकलं की काय असं वाटतं. तेव्हा आजोबांच्या बोलण्यात मला लागण्यासारखं काहीच नव्हतं. तरीही पुढचे पंधरा मैल ते वाक्य माझ्या कॅरिअरवर बसून आलं. डबलसीट.

आम्ही पाच-सहा जण आहोत. क्लब वगैरे काही नाही. महिन्यातून दोन रविवार, आभाळ अगदीच फाटलेलं नसेल तर, कुणीतरी आदल्या संध्याकाळी निरोप टाकतं आणि आम्ही निघतो. दोनच नियम. सायकल चाळीस वर्षांपेक्षा जुनी हवी, आणि सरासरी वेग किती पडला हा विषय कुणी काढायचा नाही. एका निवृत्त शिक्षकांकडे ग्लासगोच्या रॅट्रे कंपनीची फ्लाइंग स्कॉट आहे, रेनॉल्ड्स 531 नळ्यांची, दोन बोटांवर उचलावी अशी. एका नर्सकडे तिच्या आईची हंबर कंपनीची सायकल आहे. आणि माझी रॅले: 28 इंची चाकं, रॉड ब्रेक, काळीकुळकुळीत, ब्रूक्सची चामडी सीट, वजन अठरा-एकोणीस किलो. मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल डब्यावर, स्टर्मी-आर्चर कंपनीचं नाव, एडब्ल्यू ही दोन अक्षरं आणि 58 3 असे आकडे ठोकलेले आहेत. म्हणजे हे हब मार्च 1958 मध्ये नॉटिंगहॅमच्या कारखान्यातून बाहेर पडलं. माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठं. वयाचा मान म्हणून मी चढावर तिच्याशी कधी हुज्जत घालत नाही; सरळ उतरते आणि ढकलते. लॅमरमुर टेकड्यांकडे रेडस्टोन रिग नावाचा एक चढ आहे. तिथं मी एकदा पाऊण तास ढकलत होते. वर पोचले तेव्हा एक मेंढी इतक्या करुणेनं बघत होती की मलाच तिची समजूत काढावीशी वाटली.

एडिनबराहून निघायचं तर मला सेंट लेनर्ड्सच्या बोगद्यातून जायला आवडतं. 1831 ची रेल्वे, सुरुवातीला डबे घोडे ओढत. म्हणून तिला 'इनोसंट रेल्वे', म्हणजे निरागस रेल्वे म्हणत असं सांगतात. अर्धा किलोमीटरभर उतार, आत गारठा, छतातून मानेवर नेमका एक थेंब. बाहेर पडलं की आर्थर्स सीट टेकडीच्या काळ्या कड्याखाली एकदम उजेड, आणि वसंतात त्या उजेडाला वास असतो. गॉर्स. इथले जुने लोक त्याला व्हिन म्हणतात. काटेरी, हिंगणासारखं अंगावर येणारं झुडूप, पण पिवळ्या फुलांना ओल्या खोबऱ्याचा वास येतो. हे मी कुणाला पटवून सांगू शकत नाही. जिथं नारळ कधी उगवला नाही, तिथं उन्हं वर आली की आख्खी टेकडी खोबरं किसल्यासारखी घमघमते. पहिल्या वर्षी तो वास आला तेव्हा मी थांबून मागं बघितलं होतं, कुणी तेल लावलेल्या डोक्याचं माणूस तर गेलं नाही ना म्हणून.

पुढे मसलबरा, एस्क नदी, मग कोळशाच्या जुन्या रेल्वेची वाट. रूळ 1960 च्या दशकात गेले, उरली ती झाडांच्या कमानीखालून पेनकेटलंडमार्गे वेस्ट सॉल्टनपर्यंत जाणारी दहा-अकरा किलोमीटरची बारीक खडीची पट्टी. रेल्वेला चढ झेपत नसत, तसे माझ्या सायकललाही झेपत नाहीत, म्हणून आमचं जमतं. वारा योग्य दिशेचा असेल तर ग्लेनकिंचीच्या व्हिस्कीच्या भट्टीवरून शिजणाऱ्या मॉल्टचा वास येतो, आंबील ऊतू गेल्यासारखा. वाट संपली की गिफर्डकडे जाणारे अरुंद रस्ते: दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मोहरीच्या जातीच्या रेपची डोळे दिपवणारी पिवळी शेतं, लाल कौलांची गोठेवजा घरं. होय, लाल कौलं. मला वाटायचं कौलं म्हणजे आपली मक्तेदारी. ईस्ट लोदियनच्या वाड्यांवर ती पाहिली की क्षणभर आत कुणीतरी चूल पेटवत असेल असं वाटतं. नांगरल्या रानावर टिटवीची इथली मावसबहीण ओरडत असते. हिला डोक्यावर मागं वळलेला तुरा आहे, आवाज मात्र तसाच, काहीतरी हरवल्यासारखा. आणि या सगळ्यावर अधूनमधून 'स्मर' नावाचा पाऊस. पडत नाही, नुसता हवेत असतो. आपल्याकडे श्रावणात अशी भुरभुर लागते, पण तिला ऊन-पावसाच्या खेळाची हौस असते. हा गंभीर प्रकृतीचा आहे. ओल्या स्टीलच्या रिमवर रॉड ब्रेक धरत नाहीत. उतारावर दोन्ही मुठी आवळून, दात आवळून, मनातल्या मनात गणपती आवळून मी खाली येते. हे सायकलचे फोटो काढणाऱ्यांना दिसत नाही.

थांबलो की खाऊ निघतो. शिक्षक 'टॅब्लेट' आणतात. नाव गोळीचं असलं तरी ती साखर, लोणी आणि आटवलेल्या दुधाची ठिसूळ वडी असते; जिभेवर ठेवली की माझ्या आईनं नारळ घालायचं विसरून केलेली वडी वाटते. मी दशम्या नेते, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. नर्सबाईंना आता दशमीशिवाय चालत नाही. त्या रविवारी मात्र मी डबा उघडला आणि कुणी काय खाल्लं मला आठवत नाही.

माझ्या डोक्यात अण्णांची, म्हणजे वडिलांची, ॲटलस चालू झाली होती.

सांगलीच्या पुढं आमचं गाव, गावापासून कारखाना आठ किलोमीटर. अण्णा तिथं टर्नर. सकाळी सातच्या भोंग्याला हजर म्हणजे घरून सहाच्या आत निघायचं. डोक्याला खोबरेल चोपडलेलं, पँटची उजवी बाजू क्लिपनं आवळलेली, हँडलला जेवणाच्या डब्याची पिशवी. निघण्याआधी मागच्या टायरवर अंगठा दाबून बघायचे, देवाला गंध लावावं तितक्या नेमानं. ऊन आणि वारा एक वेळ परवडायचा, पण काळ्या रानातला पावसाळा नाही. चिखल मडगार्डमध्ये असा बसायचा की चाक फिरेना. मग सायकलवर बसून जायचं सोडा, सायकलच अण्णांच्या खांद्यावर बसून जायची. सुगीच्या दिवसांत रात्रपाळीहून येताना उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या डोळ्यांत डायनॅमोचा उजेड. हे सगळं मी बघितलेलं नाही, अण्णांनी सांगितलेलंही नाही. सकाळी दारात उभ्या असलेल्या सायकलवरून मी ते वाचायची. चिखल किती वर चढलाय, चेन किती कोरडी पडलीय, डब्याच्या पिशवीचा बंद तुटलाय का.

आणि रविवारी सायकल पुसायची असायची. चालवायची नाही, पुसायची. अंगणात पोतं अंथरून तिला उलटी करायचे, सीट आणि हँडल जमिनीला, चाकं आभाळाला. चेन रॉकेलच्या ताटलीत. एकेक छर्रा काढून माझ्या हातातल्या वाटीत. मी मोजून सांगायची, एक कमी निघाला तर दोघं मिळून पोतं झाडायचं. चाकाचा आउट काढताना अण्णा एक डोळा मिटून आऱ्यांना बोट लावत, सतार जुळवल्यासारखे. आमच्याकडे या प्रकाराला 'ओव्हरऑइलिंग' म्हणत. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग आहे हे मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कळलं, आणि अजूनही मला आमचाच शब्द बरोबर वाटतो. त्यात तेल दिसतं. त्या दिवशी कुणी साधं "अण्णा, चौकातून भाजी आणता का सायकलवरून?" म्हटलं तरी ते म्हणत, "आज तिची सुट्टी हाय." स्वतःची म्हणत नसत. मी याच सायकलवर शिकले, दांडीखालून पाय घालून, हापपायडल मारत, परकर चेनमध्ये अडकवून घेत. पण तेही शनिवारी संध्याकाळी. रविवारी नाही.

1989 मध्ये बजाजची एम-एटी दुचाकी आली. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, गल्लीत पेढे. त्याच आठवड्यात ॲटलस दूधवाल्याला दीडशे रुपयांत गेली. तो तिला दोन्ही बाजूंना कॅन लावून घेऊन गेला तेव्हा मी रडले. अण्णा हसले. "रडतीस काय, सुटलो की!"

चार वर्षांपूर्वी अण्णा इथं आले होते. दारातून आत शिरल्या शिरल्या बोळात ही रॅले उभी. त्यांनी चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली, आणि माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघत राहिले. "ही कुठनं आणली?" म्हटलं एका म्हाताऱ्या बाईंनी विकायला काढली होती. केवढ्याला? एकशे चाळीस पौंड. त्यांनी मनात गुणाकार केला. "चौदा हजार! आणि नवी न्हाई?" मग सोफ्यावर बसून बराच वेळ हसले. "एवढं शिकून सातासमुद्रापार आलीस ती हिच्यावरच बसायला?" मीही हसले. पण संध्याकाळी ते खिडकीत उभे राहून खालून लायक्रा घालून सुसाट जाणाऱ्या पोरांना बघत होते आणि मधूनच म्हणाले, "ह्येंना कुणी कामाला लावलंय का?" त्या प्रश्नात थट्टा किती होती आणि खरी विचारणा किती, ते मला आजतागायत उकललेलं नाही.

त्यांना जिंकलं ते हबनं. मी सायकल बोळातून बाहेर काढताना मागून टिक टिक टिक असा बारीक आवाज येतो. अण्णांचा कान टर्नरचा, ते थबकले. "आत काय हाय?" तीन गिअर, म्हटलं. "कुठं दिसत न्हाईत." सगळे त्या गोल डब्याच्या आत. त्यांना ते खोटंच वाटलं. योगायोगानं माझ्याकडे भंगारातून आणलेलं एक सुटं एडब्ल्यू हब होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही ते उघडलं. आख्खी दुपार गेली. आसावर घट्ट बसलेलं मधलं दातेरी चाक, त्याच्याभोवती फिरणारी चार छोटी, आणि या सगळ्यांना कवेत घेणारं आतून दाते असलेलं कडं. अण्णा एकेक तुकडा उजेडात धरून बघत होते, आरशात बघावं तसं. मग त्यांनी माझ्या मुलीला जवळ बोलावून समजावलं, "हे बघ, मधली आई जागची हलत न्हाई. चार पोरं तिच्याभोवती फिरत्यात. भायेरचं कडं म्हणजे बाप, त्यो कायम पोरांच्या फुडं धावतो. चाक कधी पोरांची चाल धरतं, कधी बापाची." मी कॉलेजात शिकलेलं एपिसायक्लिक गिअरचं आख्खं प्रकरण त्यात आलं. पहिल्या गिअरमध्ये पोरांच्या पिंजऱ्याची चाल चाकाला मिळते, म्हणजे चेननं फिरणाऱ्या मागच्या दातेरी चाकाच्या पाऊणपट; दुसऱ्यात जशास तशी; तिसऱ्यात सव्वापटीच्या थोडं वर, चार तृतीयांश. आणि टिकटिक करतात ती कुत्री. फ्रीव्हीलमध्ये असतात तसलीच, आतल्या खाचांवरून घसरत जाणारी. पहिल्या गिअरला ती गप्प, दुसऱ्या-तिसऱ्याला भुंकतात. हे यंत्र 1936 चं आणि फारसा बदल न करता पिढ्यान् पिढ्या निघत राहिलं, असं मी सांगितल्यावर अण्णांनी हात पुसले. "केलं त्यो माणूस हुशार." मग पुन्हा बोळातल्या सायकलकडे मान वळवून, "पण सुट्टीदिवशी कशाला?"

तोच प्रश्न त्या आजोबांनी प्रश्न न विचारता विचारला होता.

याला माझ्याकडे उत्तरं आहेत. म्हणजे वादात टाकायला आहेत. पहिलं हे की सायकल काही फक्त राबणाऱ्यांच्या नशिबी आलेली वस्तू नव्हे, तिच्यावर मजा करायचा हक्क राबणाऱ्यांनीच आधी मिळवला. 1930 च्या मंदीत क्लाइड नदीकाठची गोदीतली पोरं, काम असलेली आणि काम गेलेलीही, रविवारी धुरातून बाहेर पडून लॉख लोमंडकडे जात; कुणी पायी, कुणी सायकलवर. ('लॉख' मधला ख इंग्रजांना येत नाही, ते लॉक म्हणतात. मराठी जिभेला तो आयता येतो. स्कॉटलंडमध्ये मला फुकट मिळालेलं हे एकमेव मोठेपण.) आणि तोही रविवार त्यांना सुखासुखी मिळालेला नाही. या देशात रविवार देवाचा. उत्तरेच्या लुइस बेटावर तर रविवारची पहिली नियमित फेरी बोट सुटायला 2009 साल उजाडलं. अण्णांची सायकल रविवारी आराम करायची, लुइसची बोट रविवारी आराम करायची, कारणं तेवढी वेगळी.

दुसरं उत्तर म्हणजे मॅकमिलन. डम्फ्रीजशरमध्ये कोर्टहिल नावाच्या जागी कर्कपॅट्रिक मॅकमिलन या लोहाराची भट्टी होती. 1839 च्या सुमारास त्यानं पायानं दांडे मागंपुढं हलवून चालणारी दुचाकी बनवली असं मानतात. मानतात, कारण पुरावा तसा पातळ आहे; नातलगानं अर्धशतकानंतर सगळं गोळा केलं. 1842 मध्ये डम्फ्रीजशरचा कुणी एक गृहस्थ असल्या यंत्रावर बसून ग्लासगोला आला, गर्दीत एका मुलीला धक्का लागला आणि त्याला पाच शिलिंग दंड झाला अशी बातमी छापून आली, पण बातमीत नाव नाही. तो मॅकमिलनच होता की नाही यावर लोक अजून भांडतात. मला ते भांडण गौण वाटतं. सायकलच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर सायकलस्वाराला दंड झालाय, हे वाचून कुठल्याही पुणेकराचं मन भरून येईल. भट्टीवरच्या पाटीत लिहिलंय की आपण काय घडवतोय याची त्याला कल्पना होती त्याहून मोठं त्यानं घडवलं. त्यानं पेटंट घेतलं नाही. नाळा ठोकत राहिला. अण्णांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना जराही नवल वाटलं नाही. "लोहारच असणार. बसून खाणाऱ्याला सायकल कशाला सुचंल?"

हवेच्या टायरचंही तसंच. नाव डनलॉपचं झालं. हा इथल्याच एअरशरमधला, बेलफास्टला जनावरांचा डॉक्टर. 1888 मध्ये त्यानं पेटंट घेतलं. पण स्टोनहेवनच्या रॉबर्ट विल्यम थॉमसननं ती कल्पना चाळीसेक वर्षं आधीच नोंदवून ठेवली होती, फक्त तेव्हा सायकलींचा जमाना आला नव्हता. मला गंमत वाटते ती 1888 या सालाची. त्याच साली आमच्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं. नांगर, पंप, आमच्या पट्ट्यातले कारखाने, अण्णांच्या पिढीचे भोंगे, सगळ्याच्या मुळाशी एक सायकलचं दुकान. म्हणजे मी अण्णांच्या कष्टाच्या वस्तूचा खेळ केला असं म्हणायचं, तर आधी कुणाच्या तरी हौसेच्या वस्तूतून अण्णांचे कष्ट जन्मले असंही म्हणावं लागेल. हे मला सायकल चालवताना सुचतं आणि घरी आल्यावर पटत नाही.

कारण खरं ठणकतं ते दुसरीकडेच. मागच्या वर्षी आमच्यातल्या एकानं टूम काढली की सगळ्यांनी सायकलच्या काळाचे कपडे घालून यायचं. ट्वीडचे कोट, गुडघ्याखाली आवळलेल्या विजारी, मोत्यांच्या माळा. सगळे नटून आले, आणि खोटं कशाला सांगू, दिसत होते देखणे. मी मात्र कपाटापुढं उभी राहिले. 1958 मध्ये माझ्या घरातली बाई सायकलवर कशी दिसत असेल? दिसतच नसेल. आजी आयुष्यात कधी सायकलवर बसली नाही, कॅरिअरवरसुद्धा नाही. ती सायकलच्या मागून चालायची. मी नेहमीचं जाकीट घालून गेले. कुणी काही बोललं नाही, ही माणसं फार सभ्य आहेत. फोटोत मी कडेला आहे आणि सायकल मधोमध. तिला कपडे बदलावे लागले नाहीत.

मला ट्वीडवाल्यांचा राग नाही. ज्यांच्या आजोबांच्या खुंटीवर तो कोट होता त्यांनी तो घालावा. पण मी ज्या काळाचं पॉलिश करते आहे तो नक्की कुणाचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अण्णांचा म्हणावा तर त्यांनी तो दीडशे रुपयांत विकला. त्या आजोबांचा म्हणावा तर तो ओढ्यात पडला आहे.

उन्हाळा असाच गेला. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा आम्ही हॅडिंग्टनवरून लाँगनिड्रीला जाणारी दुसरी जुनी रेल्वेवाट धरून समुद्रापर्यंत गेलो, आणि सायकली ट्रेनमध्ये घालून परतलो. त्या बाकाजवळून मी दर वेळी जरा हळू गेले. आजोबा नव्हते. असते तर काय बोलणार होते कुणास ठाऊक. क्षमा मागायची, की आपलीही बाजू मांडायची?

ऑक्टोबरच्या मध्यावर भेटले. आदल्या रात्री आइसलंडहून येणारे हंस रानात उतरले होते. त्यांच्या थव्यांचा कलकलाट डोक्यावरून समुद्राकडे सरकत होता आणि कुत्रं वर बघून एकटंच भुंकत होतं. बाकी सगळे पुढे गेले होते. मी उतरले, सायकल चालवत नेली, म्हणजे हातानं. आजोबांनी मान वर केली.

"अजून टाकली नाहीस?"

नाही, म्हटलं. कुठल्या ओढ्यात टाकली होती ते विचारलं. त्यांनी हनुवटीनं कुंपणापलीकडं दाखवलं. तिथं पाण्याचा आवाज होता, झाडीत दिसत काही नव्हतं. "असेल अजून. जड होती." मग त्यांनी हात वर केला, गप्प राहा अशा अर्थी. मला वाटलं हंस ऐकताहेत. त्यांनी सीट धरून मागचं चाक दोन इंच उचललं, दुसऱ्या हातानं पायडल फिरवलं आणि कान चाकाकडं नेला. टिक टिक टिक. अण्णांसारखंच तोंड वेडंवाकडं करून. "कोरडी आहे," म्हणाले. मी म्हटलं, गेल्याच महिन्यात तेल घातलंय. "महिन्याला दोनदा."

सीटमागच्या पिशवीत लांब चोचीची तेलाची डबी असतेच. ती काढून दिली. आजोबा पुन्हा बाकावर बसले, सायकल स्वतःकडं ओढून घेतली आणि अंगठ्यानं हब चाचपू लागले. नजर हबवर नव्हती. कुत्रं कुठं गेलं ते बघत होते. हबच्या टरफलावर तेलाचं एक बारीकसं झाकण असतं, आऱ्यांच्या गर्दीत लपलेलं. मला ते अजूनही वाकून, चाक फिरवत शोधावं लागतं. त्यांच्या अंगठ्याला ते पहिल्याच फेऱ्यात सापडलं. नखानं वर केलं, चोच आत घातली, ओठांतल्या ओठांत मोजून थेंब सोडले, झाकण दाबलं. टक्. मग तेलकट हात माझ्यापुढं धरला.

माझ्याकडे दशम्यांचं फडकं होतं. ते दिलं.